मॅनिफोल्ड गाडीच्या नावावर नको, इंजिनावर मागा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुन्या पिकअपच्या धुराविषयी आणि आवाजाविषयी आपल्या पत्रसदरात अधूनमधून मजकूर येतो. त्यात दोष कधी सायलेन्सरवर जातो, कधी मालकाच्या कंजुषीवर. ज्या भागातून यातला बराचसा आवाज येतो, त्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डबद्दल, म्हणजे सगळ्या सिलिंडरांतला धूर गोळा करून सायलेन्सरच्या पाइपात सोडणाऱ्या ओतीव भागाबद्दल, मात्र कोणी बोलत नाही. नारायणगावचा टोमॅटो असो की लासलगावचा कांदा, शेतातून बाजारापर्यंतची खेप आजही पंधरा-वीस वर्षांच्या महिंद्रा आणि टाटा पिकअपच करतात. या गाड्यांना मॅनिफोल्ड बदलण्याची वेळ कधी ना कधी येतेच. बदललेला मॅनिफोल्ड वर्षाच्या आत पुन्हा फुटला, तर दोष बहुधा निवडीत किंवा बसवण्यात असतो. म्हणून हे पत्र, थोडे सविस्तर.

पहिली गफलत दुकानाच्या काउंटरवर होते. गिऱ्हाईक म्हणते, "महिंद्रा पिकअप, अडीच लिटर." आता महिंद्राच्या जुन्या गाड्यांत प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या घराण्याचे एक्सडी-३पी इंजिन २४९८ सीसीचे आणि डीआय (डिझेल थेट सिलिंडरात सोडणारे) इंजिन २५२३ सीसीचे. दोघांनाही लोक अडीच लिटरच म्हणतात. पहिल्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ९४ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मिमी, तर दुसऱ्याचा बोअर ८८.९ आणि स्ट्रोक १०१.६. दोन्ही इंजिने मुळातच वेगळी आहेत आणि एकाचा मॅनिफोल्ड दुसऱ्याला लागण्याचा प्रश्नच येत नाही. त्याआधीचे २११२ सीसीचे प्यूजो इंजिन आणखी निराळे. टाटाकडेही तेच. १९८८ मध्ये आलेल्या टाटामोबाइलमध्ये १९४८ सीसीचे इंजिन होते, नंतरच्या २०७ डीआयमध्ये २९५६ सीसीचे ४९७ आले. त्यातच वीस वर्षांच्या गाडीत इंजिन बदललेले असण्याची शक्यता भरपूर. तेव्हा आरसी बुक, मागच्या फळीवरचे नाव, बॉनेटवरचा बिल्ला हे सगळे बाजूला ठेवावे आणि इंजिन ब्लॉकवर ठोकलेला नंबर पुसून, वाचून, त्याचा फोटो दुकानात न्यावा. जुना मॅनिफोल्ड सोबत नेता आला तर उत्तमच.

इंजिन तेच असले तरी टर्बो (धुराच्या जोराने फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारे यंत्र) असलेले आणि बिनटर्बो यांचे मॅनिफोल्ड वेगळे. बिनटर्बो मॅनिफोल्डचे तोंड खाली सायलेन्सरच्या पाइपाकडे जाते. टर्बोच्या मॅनिफोल्डवर टर्बो बसवायची चपटी फ्लँज (जोडणीची कडा) असते आणि टर्बोचे सगळे वजन त्याच्यावर असते. नंतरच्या काही इंजिनांत ईजीआरचे (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या व्यवस्थेचे) एक जादा तोंडही असते. ते नसलेला मॅनिफोल्ड बसवून ईजीआरची नळी चिमटून टाकणारे आहेत. तसे करू नये. दुकानातच जुना आणि नवा शेजारी ठेवून स्टडची (मॅनिफोल्ड ज्यांवर नटाने आवळतात त्या आट्यांच्या दांड्यांची) भोके, पोर्टचा (धूर जाण्याच्या वाटेचा) आकार, तोंडाच्या फ्लँजला दोन बोल्ट की तीन, आणि तोंडाचा कोन एवढे जुळवून पाहावे. कोन पाच-सात अंशांनी चुकला तरी सायलेन्सरचा पाइप ओढून बसवावा लागतो, आणि ओढून बसवलेला पाइप म्हणजे पुढच्या तड्याची तयारी. नवे गॅस्केट, ज्याला आपण पॅकिंग म्हणतो, ते दोन्हींवर ठेवून पाहणे ही सर्वांत सोपी तपासणी. मॅनिफोल्डचे पोर्ट इंजिनाच्या सिलिंडर हेडच्या पोर्टपेक्षा कडेने एखादा मिलिमीटर मोठे असले तर चालते. लहान असले तर धुराच्या वाटेत पायरी तयार होते. अशा वेळी मॅनिफोल्ड घासावा, हेडला हात लावू नये.

पण त्याआधी मॅनिफोल्ड खरेच गेला आहे का, हे नक्की करायला हवे. सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर टिकटिक ऐकू येते आणि गाडी तापली की ती कमी होते. याचा अर्थ बहुधा बारीक तडा किंवा ढिला सांधा, जो बीड (ओतीव लोखंड) तापून फुगल्यावर मिटतो. उलट गाडी तापल्यावर, चढावर आवाज वाढत असेल तर फ्लँज वाकली आहे किंवा टोकाचा स्टड तुटला आहे. गळतीच्या जागी हेडवर काजळीचा काळा पंखा उमटतो, तो टॉर्च मारून दिसतो. कानाला रबरी नळी लावून एकेका पोर्टजवळ फिरवली की जागा सापडते, मात्र फॅन आणि पट्ट्यापासून नळी आणि हात दोन्ही दूर ठेवावेत. इंजिन बंद आणि गार असताना सायलेन्सरच्या शेपटीतून कमी दाबाची हवा सोडून सांध्यांवर साबणाचे पाणी टाकले, तर बुडबुडे गळती दाखवतात.

इथे एक फसवी जागा आहे. डीआय इंजिनात इंजेक्टरच्या बुडाचा तांब्याचा वायसर गेला तरी तसाच फुसफुस आवाज येतो, आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमतो. तो पाहिला नाही तर मॅनिफोल्ड नवा आणि आवाज जुनाच, असे होते. टॅपेट ढिले असतील तर त्यांचीही टिकटिक असते, पण ती गाडीवर भार आला म्हणून वाढत नाही.

आता धुराचे. बिनटर्बो इंजिनाचा मॅनिफोल्ड गळत असेल तर आवाज होतो, वास येतो, पण त्याने धूर काळा होत नाही. काळा धूर म्हणजे जळायला हवा कमी किंवा डिझेल जास्त: तुंबलेला एअर फिल्टर, खराब इंजेक्टर, पंपाचे बिघडलेले टायमिंग, पंपाचा वाढवलेला स्क्रू. टर्बो इंजिनात गोष्ट वेगळी. टर्बोच्या आधी धूर गळला तर टर्बाइन फिरवायला जोर उरत नाही, बूस्ट (हवेचा वाढीव दाब) पडतो, हवा कमी मिळते आणि धूर काळा होतो. पीयूसीला फ्री अॅक्सलरेशनमध्ये (उभ्या गाडीला रेस देऊन) बीएस-४ या प्रदूषण मानकापूर्वीच्या डिझेल गाड्यांना ६५ हार्ट्रिज युनिट (धुराच्या काळेपणाचे एकक), म्हणजे २.४५ प्रति मीटर, ही मर्यादा आहे. बिनटर्बो गाडी या चाचणीत नापास झाली म्हणून मॅनिफोल्ड बदलून देणाऱ्या गॅरेजकडे पुन्हा जाऊ नये. टर्बो गाडी नापास झाली तर मात्र इंजेक्टर काढण्याआधी मॅनिफोल्डचे आणि टर्बोच्या फ्लँजचे सांधे पाहून घ्यावेत.

निवडीला पर्याय पाच: कंपनीचा नवा, बाजारातला नकली किंवा बिनब्रँड, भंगारातला जुना, वेल्डिंग करून घेतलेला आणि पाइप जोडून बनवलेला. परवडत असेल आणि मिळत असेल तर कंपनीचा घ्यावा, त्यावर चर्चा नको. अडचण ही की फार जुन्या इंजिनांचा तो सहजी मिळत नाही. अशा वेळी आमचा कौल बिनब्रँड नव्यापेक्षा भंगारातल्या चांगल्या, कंपनीच्या जुन्या मॅनिफोल्डला. मुंबईत कुर्ला आणि पुण्यात जुना बाजार ही त्याची ठिकाणे सगळ्यांना ठाऊक आहेत. दहा वर्षे गरम-गार होऊन जो बीड फुटला नाही, त्याची परीक्षा झालेली असते. फक्त तो पारखून घ्यायला हवा.

पारख अशी. मॅनिफोल्ड तारेला टांगून लहान हातोडीने हलकेच ठोकावा. धड असेल तर घणघणतो, तडा असेल तर आवाज बोदा येतो. मग तारेच्या ब्रशने घासून दोन पोर्टांच्या मधला भाग, फ्लँजचे कान (स्टडची भोके असलेले भाग) आणि तोंडाचा गळा यांना रॉकेल लावावे, अर्धा तास थांबावे, कोरडे पुसावे आणि वर खडूची पूड चोळावी. तड्यात शिरलेले रॉकेल खडूवर ओली रेघ काढते. वर्कशॉपात लाल डायची किट असेल तर ती वापरावी, पण रॉकेल आणि खडू कुठेही मिळतात. कानाला तडा असलेला जुना मॅनिफोल्ड विचार करण्याजोगा, पोर्टांमध्ये तडा असलेला नाही.

नवा बिनब्रँड घ्यायचाच असेल तर वजनापासून सुरुवात करावी. जुन्यापेक्षा तो लक्षात येण्याइतका हलका असेल तर भिंती पातळ आहेत. तोंडाच्या कडेला कॅलिपर लावून चार बाजूंची जाडी मोजावी. एका बाजूला सहा मिमी आणि समोर तीन निघाली, तर ओतताना आतला कोअर (पोकळी ठेवणारा वाळूचा साचा) सरकला होता. तो पातळ बाजूने फुटणार. आत टॉर्च मारून वाळू चिकटलेली आहे का, ओतकामाची पापुद्र्यासारखी धार राहिली आहे का, हे पाहावे. बिनटर्बो इंजिनात ती वाळू सायलेन्सरमधून निघून जाईल. टर्बो इंजिनात तीच वाळू टर्बाइनच्या पात्यांवर आदळते, आणि मॅनिफोल्डमध्ये वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट टर्बोत जातात. टर्बोसाठी साधा करडा बीड शक्यतो टाळावा. सिलिकॉन-मॉलिब्डेनमचा एसजी आयर्न (अधिक चिवट प्रकारचा बीड) त्या तापमानाला टिकतो, साधा बीड पापुद्रे धरतो आणि हळूहळू फुगत जातो. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत दोन्ही प्रकारचे ओतकाम होते. तेव्हा महाराष्ट्रात चांगला माल मिळत नाही ही सबब खोटी आहे. मिळतो, पण मागावा लागतो आणि बिलावर ग्रेड लिहून घ्यावी लागते.

यानंतरचा मुद्दा बहुतेक गॅरेजांत पाहिलाच जात नाही, आणि खरे तर बहुतेक मॅनिफोल्ड त्यानेच फुटतात. तो म्हणजे स्टडची भोके. बीड दर मीटरला, दर अंशाला सुमारे ०.०११ ते ०.०१२ मिमी वाढतो. चारशे मिमी लांबीचा मॅनिफोल्ड घाटात पाचशे अंशांनी तापला तर तो दोन मिमीहून थोडा अधिक लांबतो. हेडमध्ये पाणी फिरत असल्याने ते जेमतेम सत्तर-ऐंशी अंशांनी तापते आणि अर्धा मिमीही वाढत नाही. फ्लँज हेडला टेकलेली असल्याने ती थोडी गार राहते, म्हणून प्रत्यक्षातला फरक या हिशेबापेक्षा काहीसा कमी. तरीही मधला स्टड धरला तर दोन्ही टोके जवळजवळ एकेक मिमी बाहेर सरकू पाहतात. आठ मिमीच्या स्टडला नऊ मिमीचे भोक असेल तर चारी बाजूंनी मोकळीक अर्धा मिमी. म्हणजे टोकाचा स्टड दर चढाला वाकतो आणि दर उताराला सरळ होतो. शेवटी तो तुटतो, आणि स्टड दमदार निघाला तर कान तुटतो. म्हणूनच कंपनीच्या मॅनिफोल्डमध्ये मधले भोक बेताचे आणि टोकाची भोके मोठी किंवा लांबट असतात. नकली मालात अनेकदा सगळी भोके एकाच ड्रिलने पाडलेली असतात. ती बसवण्याआधी टोकाची भोके आठच्या स्टडला साडेदहा ते अकरा मिमी करून घ्यावीत, त्यांच्या आतली अर्ध्या-पाऊण मिमीने मोठी, मधली तशीच. मोठ्या भोकावर नेहमीचा पातळ वायसर आत दबतो, तिथे तीन मिमी जाडीचा रुंद वायसर टाकावा.

नवा असो की जुना, फ्लँजचा फेस (हेडला टेकणारा पृष्ठभाग) तपासल्याशिवाय बसवू नये. सगळ्या पोर्टांवर स्ट्रेट एज (सरळ धारेची पट्टी) आडवी ठेवून खालून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातींचे माप) घालावा. एका पोर्टाच्या रुंदीत ०.१० मिमी आणि पूर्ण लांबीत ०.२० मिमीच्या वर पात शिरली तर मशीनवर फेस मारून, म्हणजे सपाट करून, घ्यावा. ग्राइंडरने डोळ्यांनी अंदाज घेत घासणे हा फेस मारण्याचा प्रकार नव्हे. मशीनवर चढवताना वाकडा मॅनिफोल्ड टेबलावर आवळून सरळ केला, फेस मारला आणि सोडला, की तो परत वाकडा होतो. त्यामुळे तो आहे त्या स्थितीत, खाली शिम देऊन धरावा. एक मिमीपेक्षा जास्त धातू काढावा लागत असेल तर नाद सोडावा. फ्लँज पातळ होते आणि तोंडाची जागाही सरकते. ज्या इंजिनांत इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकाच गॅस्केटवर आहेत, तिथे दोन्ही एकत्र जोडून फेस मारावा. नाहीतर एक बसतो तेव्हा दुसरा उचललेला राहतो. हेडचाही फेस बघावा. जुन्या गळतीने हेडवर खड्डे पडले असतील तर नवा मॅनिफोल्ड काही करू शकत नाही.

वेल्डिंगविषयी थोडक्यात. बीड थंड असताना साध्या रॉडने वेल्ड केला तर वेल्डच्या शेजारी काचेसारखा कडक थर तयार होतो आणि दुसरा तडा बरोबर त्याच्या कडेने जातो. तुटलेला कान जोडायचा असेल तर निकेल रॉड, आधी सगळा तुकडा अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत सारखा तापवलेला, इंच-इंच वेल्ड करून प्रत्येक टप्प्यावर हलके ठोकणे, आणि नंतर राखेत किंवा कोरड्या चुन्यात पुरून रात्रभर गार होऊ देणे. मग फेस मारणे आलेच. इतके करणारा कारागीर मिळाला तर त्याला मागेल तेवढी मजुरी द्यावी. रस्त्याकडेला दहा मिनिटांत करून देणारा मिळाला तर ते काम फक्त गाडी घरी आणण्यापुरते.

खोलताना घाई केली की स्टड तुटतात. आदल्या रात्री नटांवर भेदक तेल सोडावे, सकाळी इंजिन थोडे तापवून बंद करावे आणि नट आधी किंचित आवळून मग सोडावा. तरी तुटला आणि थोडा बाहेर राहिला तर त्यावर मोठा नट ठेवून आतून वेल्ड करावा. वेल्डच्या उष्णतेने गंज सुटतो आणि नटासकट स्टड निघून येतो. त्याआधी बॅटरीची वायर आणि अल्टरनेटरची वायर सोडायला विसरू नये, डायोड जातात. हेडच्या पातळीत तुटला असेल तर पंच मारून अगदी मधोमध तीन मिमीचे भोक पाडावे आणि हळूहळू मोठे करावे. स्वस्तातला एक्स्ट्रॅक्टर (तुटका स्टड उलटा फिरवून काढायचे हत्यार) आत तुटला तर तो ड्रिलला दाद देत नाही आणि हेड खाली उतरवावे लागते.

स्टड सगळे नवे घालावेत. तुटला तेवढाच बदलणे ही खोटी बचत आहे, बाकीचेही तेवढेच ताणलेले असतात. नट पितळी किंवा तांब्याचा मुलामा दिलेला घ्यावा, स्टेनलेसचा नट स्टडला चिकटून बसतो. स्प्रिंग वायसर इथे घालू नये. एक्झॉस्टच्या उष्णतेत त्याची स्प्रिंग महिनाभरात मरते आणि उरतो तो नुसता तुटका वायसर. ग्रीसही नको, जळून कोळसा होते. निकेलची किंवा तांब्याची अँटी-सीझ पेस्ट आट्यांना बोटभर पुरते.

गॅस्केट जुने पुन्हा वापरू नये आणि दोन एकावर एक ठेवू नयेत. दोन गॅस्केट घातली की ती तापून दबतात, नट ढिले होतात आणि आवाज पुन्हा सुरू. एका बाजूला पत्रा आणि दुसऱ्या बाजूला ग्राफाइट असेल तर पत्र्याची बाजू मॅनिफोल्डकडे ठेवावी. मॅनिफोल्ड सरकतो, तो पत्र्यावरून घसरला पाहिजे. ग्राफाइट त्याच्याकडे केले तर दर तापण्याबरोबर ते खरवडले जाते. मात्र गॅस्केटवर काही खूण किंवा सूचना छापलेली असेल तर तीच पाळावी. सिलिकॉनची लाल ट्यूब हेडच्या पोर्टाला लावून काही साधत नाही, ती त्या तापमानाला जळून जाते. पेस्टने गळती थांबवायची गरज पडते आहे याचा अर्थ फेस सपाट नाही.

आवळताना मधून बाहेर, आळीपाळीने, तीन फेऱ्यांत. इंजिनाच्या पुस्तकात आकडा असेल तर तोच. नसेल तर आठ मिमीच्या स्टडला २० ते २५ न्यूटन-मीटर आणि दहाच्या स्टडला ४० ते ४५ पुरतात. लांब पान्यावर पाइप घालून आवळलेला टोकाचा नट म्हणजे मोठे केलेले भोक फुकट घालवणे, कारण मग फ्लँज सरकूच शकत नाही. सायलेन्सरचा पाइप मॅनिफोल्डला जोडताना आधी त्याचे नट हातानेच लावावेत, हँगर अडकवावेत, आणि पाइप आपोआप जागेवर बसतो आहे हे पाहून मग आवळावेत. दोन-चार वेळा तापून गार झाल्यावर, गार इंजिनावर, एकदा आवळण तपासावे. पुन्हा साधारण पाचशे किलोमीटरनंतर.

एवढे सगळे करूनही फुटला तर मॅनिफोल्डला शिव्या घालण्याआधी खाली वाकून पाहावे. सायलेन्सरचा रबरी हँगर तुटलेला असेल तर त्या पाइपाचे वजन आणि खड्ड्यांतला प्रत्येक हिसका मॅनिफोल्डच्या गळ्यावर येतो. इंजिनाचे माउंटिंग बसले असेल तर इंजिन हलते आणि पाइप जागेवर राहतो, म्हणजे परिणाम तोच. मॅनिफोल्ड बदलायचा तर हे दोन्ही त्याच दिवशी बघावेत, दोन्ही मिळून मॅनिफोल्डच्या किमतीच्या जवळपासही जात नाहीत. आणखी एक सवय: माळशेज किंवा कसारा घाट चढून आलेली गाडी तशीच वॉशिंगला लावायची आणि बॉनेट उघडून प्रेशरचे पाणी मारायचे. लालभडक नसला तरी तो बीड तेव्हा चांगलाच तापलेला असतो. वरून गार पाणी पडले की वरचा थर आकसतो, आतला नाही. तासभर थांबल्याने धुलाईत काही फरक पडत नाही.

पाइप जोडून केलेल्या मॅनिफोल्डचे वेड अलीकडे वाढले आहे. अमेरिकेतल्या व्ही-८ पेट्रोल पिकअपचे व्हिडिओ पाहून मुले ते मागतात. पेट्रोल इंजिन जास्त फेऱ्यांवर पळते, तिथे पाइपांच्या लांबीला काही अर्थ असतो. आपले जुने डिझेल त्याच्या मानाने कमी फेऱ्यांवरच दमते. तिथे फायदा शून्य आणि तोटे भरपूर: सहा मिमीची फ्लँज वाकते, दीड मिमीचा पाइप गंजतो, आणि टर्बो असेल तर पाइपांतून उष्णता वाया जाऊन तोही सुस्त होतो. मंजुरीशिवाय केलेला असा फेरफार धरला गेला तर मोटार वाहन कायद्याचे कलम १८२अ (४) मालकाला लागते. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, असे लिहिले आहे.

गळका मॅनिफोल्ड ही केवळ आवाजाची कटकट नाही, हेही सांगायला हवे. बहुतेक जुन्या पिकअपच्या केबिनच्या पुढच्या पत्र्यातली वायरिंगची रबरे गेलेली असतात. त्या भोकांतून धूर आत येतो, आणि रात्री इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपणारा ड्रायव्हर तो घेतो. डोळे चुरचुरणे आणि डोके जड होणे याला झोपेची कमी म्हणून चालणार नाही. तुटलेल्या कानाजवळून निघणारा तापलेला धूर शेजारच्या डिझेलच्या नळीवर किंवा वायरिंगवर लागला तर काय होते, ते गॅरेजवाल्यांना सांगायला नको.

यात दोन गोष्टी सहज करण्यासारख्या आहेत. एक, विकणाऱ्यांनी मॅनिफोल्डच्या खोक्यावर गाडीच्या नावासोबत इंजिनाचा कोड, टर्बो की बिनटर्बो, आणि ओतकामाची ग्रेड छापावी. फिल्टरच्या खोक्यावर एवढी माहिती असते, मग एवढ्या जड ओतीव भागावर का नसावी? दुसरी परिवहन खात्यासाठी. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावाच लागतो. त्या वेळी धुराचा आकडा पाहिला जातो, तसाच बॉनेट उघडून मॅनिफोल्डच्या सांध्यावर काजळी आहे का हे पाहिले आणि हँगर हाताने हलवून बघितले, तर त्याला दोन मिनिटांपेक्षा जास्त लागणार नाहीत. काजळी दिसली तर गाडी नापास करण्याची गरज नाही. पंधरा दिवसांत दुरुस्ती करून दाखवण्याची मुदत पुरे. कांद्याच्या हंगामात गाडी उभी राहिली तर मालकाचे जे नुकसान होते, ते मॅनिफोल्ड, स्टड, गॅस्केट आणि फेस मारण्याच्या मजुरीपेक्षा जास्तच असते.

आपले,
जुन्या डिझेल गाड्यांचे काम करणारे फिटर,
जुन्नर तालुका, जि. पुणे